ओढ्याच्या पाण्यावर गावाची वीज : एक हिशेब

संस्थेच्या अभ्यासिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांनी मागच्या वर्षी एका रविवारी 'स्वदेस' हा चित्रपट पाहिला. चित्रपट २००४ सालचा, म्हणजे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचा. परदेशात नोकरी करणारा एक शास्त्रज्ञ गावी येतो, गावकऱ्यांना हाताशी धरून डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी टाकीत साठवतो, ते नळीतून खाली सोडून यंत्र फिरवतो आणि अंधाऱ्या गावात दिवे लागतात, हा त्यातला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. चित्रपट संपल्यावर बारावीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, आमच्या वस्तीच्या वर ओढा आहे. तिथं असं करता येईल का?"

आम्ही त्या वेळी "बघू" असे उत्तर दिले. हे उत्तर आपल्या समाजाने कार्यालयांच्या खिडक्यांवर इतक्या वेळा ऐकले आहे की ते आपल्याच तोंडून निघाल्याचे आम्हाला फार वाईट वाटले. म्हणून आम्ही या विषयाची माहिती जमवली, मुलांना घेऊन प्रत्यक्ष मोजमापे केली आणि जे हाती आले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधु-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

चित्रपटामागचे गाव

चित्रपटातील त्या प्रसंगामागे आपल्याच महाराष्ट्रातील एका गावाची प्रेरणा होती असे सांगितले जाते. हे गाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील बिलगाव. सातपुड्याच्या कुशीतले आदिवासी गाव, पाड्यांमध्ये विखुरलेले. तेथे उदय नदीचे पाणी सुमारे ९ मीटर उंचीवरून खाली पडते. केरळमधील दोन तरुण अभियंत्यांनी त्या धबधब्याचा उपयोग वीजनिर्मितीसाठी होऊ शकेल हे पाहिले. नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते, परदेशस्थ भारतीयांची 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' ही संस्था आणि स्वतः गावकरी एकत्र आले. बंधारा, पाट आणि टाकीच्या कामावर गावाने श्रमदान केले. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅट क्षमतेचे ते छोटे वीजघर सुरू झाले. गावातील घरांत आणि आश्रमशाळेत दिवे लागले. यंत्र चालवायला बाहेरचा माणूस ठेवला नव्हता, गावातलीच मुले ते काम शिकली.

पुढची हकीकत चित्रपटात नाही. ऑगस्ट २००६ मध्ये, सरदार सरोवराच्या भिंतीची उंची वाढत असतानाच्या काळात, पुराच्या पाण्याने हे वीजघर बुडाले. जेमतेम साडेतीन वर्षे ते चालले. पाण्यापासून वीज करण्यासाठी बांधलेल्या एका अवाढव्य धरणाच्या छायेत, पाण्यापासूनच वीज करणारे गावाचे छोटे यंत्र नाहीसे झाले. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशीचा सत्याग्रहदेखील जलविद्युतीसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्धच होता. पाण्याची वीज ही स्वच्छ खरी, पण ती कोणाची आणि कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न आपल्या राज्यात शंभर वर्षांपासून आहे.

पाणी यंत्र कसे फिरवते

हे शास्त्र मराठवाड्याला नवे नाही. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) सहलीला गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाणचक्की पाहिलेली असते. डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरापर्यंत आणले, ते भिंतीवर चढवून उंचावरून सोडले आणि त्याच्या जोरावर दळणाचे जाते फिरवले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ दळले जाई. जात्याच्या जागी जनित्र बसवले की त्याच पाण्याची वीज होते. तत्त्व तेच. हिंदुस्थानातील पहिले जलविद्युत केंद्र १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे सुरू झाले, तेही १३० किलोवॅटचे, म्हणजे आजच्या भाषेत लहानच होते. आपल्याकडे आज १०० किलोवॅटपर्यंतच्या केंद्राला सूक्ष्म आणि २५ मेगावॅटपर्यंतच्या केंद्राला लघु जलविद्युत म्हणतात.

विद्यार्थ्यांनी एक ठोकताळा पाठ करावा. दर सेकंदाला किती लिटर पाणी येते आणि ते किती मीटर उंचीवरून खाली येते, या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला ५ ने गुणावे. उत्तर वॅटमध्ये येते. खरे तर पुस्तकाप्रमाणे ९.८१ ने गुणायला हवे. परंतु नळीच्या घर्षणात, पाण्याच्या चाकात, जनित्रात आणि तारेत मिळून लहान योजनेत निम्मी शक्ती वाया जाते, म्हणून ५ धरायचे. बिलगावला ९ मीटर उंची आणि १५ किलोवॅट वीज, म्हणजे या ठोकताळ्याने सेकंदाला सुमारे ३३३ लिटर पाणी. दीड सेकंदात आपल्या घरावरची पाचशे लिटरची टाकी भरावी इतके. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे बीड जिल्ह्याच्या ओढ्याशी त्याची तुलना करायची आहे.

योजनेचे भाग फार नाहीत. ओढ्यावर वर एक ठेंगणा बंधारा घालतात. तो पाणी साठवण्यासाठी नसतो, पाणी वळवण्यासाठी असतो. तेथून उतार जवळजवळ नसलेल्या पाटाने पाणी डोंगराच्या कडेकडेने नेतात, म्हणजे ओढा खाली उतरत जातो आणि आपला पाट उंचावरच राहतो. पाटाच्या शेवटी एक टाकी. तिच्यात गाळ खाली बसतो आणि तोंडावरच्या जाळीत पालापाचोळा अडकतो. टाकीतून जाड नळी सरळ खाली यंत्रघरात येते. नळीत हवा शिरू नये म्हणून टाकी नेहमी भरलेली हवी. खाली पाण्याचे चाक, त्याला जोडलेले जनित्र आणि तेथून खांबांवरून तारा.

एका भागाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवशिक्या लोकांच्या योजना तेथेच बिघडतात. समजा रात्री दहा वाजता सगळ्यांनी दिवे बंद केले. पाणी मात्र त्याच जोराने येतच आहे. बैलगाडीतला माल अचानक उतरवला तर बैल उधळावेत तसे चाक भन्नाट वेगाने फिरू लागते, विजेचा दाब वाढतो आणि जे दोन-चार दिवे चालू असतील ते फुटतात. यावर उपाय म्हणून एक विद्युत नियंत्रक बसवतात. गावाने न वापरलेली वीज तो आपोआप पाण्यात बुडवलेल्या हीटरकडे वळवतो. चाकाला वाटते, भार तेवढाच आहे. वीज फुकट जाते, पण यंत्र वाचते. नेपाळच्या डोंगरात गावसमित्यांनी चालवलेली अशी लहान केंद्रे हजारांवर आहेत, आणि तेथील बुटवलसारख्या गावच्या कारखान्यांत त्यांची चाके तयार होतात. कर्नाटकाच्या मलनाडात तर शेतकऱ्यांनी घरामागच्या ओढ्यावर एकेक किलोवॅटची यंत्रे बसवली आहेत. तेव्हा हे तंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी समजू नये. आयटीआयमध्ये वायरमन किंवा फिटरचा अभ्यासक्रम केलेल्या आपल्या मुलांना ते सहज समजेल.

वीज हा विषय आपल्या वाचकांना आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि विजेचा विषय त्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट या देशाच्या दारिद्र्याशी जोडला होता. वीज नसेल तर उद्योग नाहीत आणि उद्योग नसतील तर गरिबीचा फेरा सुटणार नाही, असा त्यांचा रोख होता. त्यांचा भर दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या योजनांवर होता, ओढ्यावरच्या चार-दोन किलोवॅटवर नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांचे नाव घेऊन वाटेल ती योजना पुढे रेटण्याची सवय आपण सोडलेली बरी.

ड्रम, घड्याळ आणि गवंड्याची नळी

आता आमच्या मोजमापांकडे येतो. ओढा बालाघाटाच्या उतारावरचा. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तेथील लोकांना उगाच आशा लागू नये.

सप्टेंबरच्या शेवटी पहिल्यांदा गेलो. बरोबर सात विद्यार्थी, दोनशे लिटरचा एक रिकामा ड्रम आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी. एका अरुंद जागी दगड-मातीचा बांध घालून सारे पाणी पत्र्याच्या एका पन्हाळीतून काढले आणि ड्रम तिच्याखाली धरला. ड्रम ८ सेकंदांत भरला. पाच वेळा भरून पाहिला. म्हणजे सेकंदाला २५ लिटर. उंची मोजायला नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एका पातळीवर येते या गुणाचा उपयोग केला. एक मुलगा वर, एक खाली, मध्ये काठी, असे नऊ टप्पे उतरत आम्ही ११ मीटर मोजले. २५ गुणिले ११ गुणिले ५, म्हणजे १३७५ वॅट.

मुलांनी तेथेच दगडावर बसून वस्तीचा हिशेब केला. घरे ४२. प्रत्येक घरी ९ वॅटचे दोन एलईडी दिवे, म्हणजे ७५६ वॅट. घरटी एक मोबाईल चार्ज करायला ५ वॅट, ते २१०. रस्त्यावर आणि शाळेत मिळून दहा दिवे, ९० वॅट. बेरीज १०५६. भागले! वर तीनशे वॅट शिल्लक! पूर्वीचे ६० वॅटचे दिवे असते तर एवढ्या विजेत बावीसच लागले असते. एलईडीने गरिबाच्या विजेचे गणितच बदलून टाकले आहे, हे खरे. एका मुलाने पिठाच्या गिरणीचे विचारले. गिरणीची ५ अश्वशक्तीची मोटार घेतली तर तिला एकटीलाच ३७३० वॅट लागतात. ती शक्य नव्हती. तरी परतताना सारे खुशीत होते आणि आम्हीही होतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो. ड्रम भरायला ४० सेकंद लागली. सेकंदाला ५ लिटर, म्हणजे २७५ वॅट. जानेवारीअखेर गेलो तेव्हा पाणी दगडांखालून पाझरत होते, पन्हाळीत येतच नव्हते. ड्रम घरीच ठेवला असता तरी चालले असते.

यात आश्चर्य काहीच नाही. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत आणि लहरीप्रमाणे. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या नद्या पाटोद्याच्या परिसरात उगम पावतात, पण उगमाजवळ उन्हाळ्यात त्यांचे पात्र गुरे बसायच्या कामाचे असते. सौताड्याचा धबधबा सुमारे दोनशे फुटांचा. उंची पाहून कोणाचीही छाती भरून येईल. पण आपल्या ठोकताळ्यात उंचीला ज्या पाण्याने गुणायचे ते शून्य झाले की उत्तर शून्यच येते. म्हणून अशी योजना आखताना पावसाळ्यातले माप कामाचे नाही, वर्षातील सर्वांत कोरड्या महिन्याचे माप धरावे लागते. पावसाळ्यातल्या मापावर वर्गणी गोळा करणे म्हणजे लोकांची फसवणूक आहे.

"मग चार महिने तरी चालेल ना?" असे त्या मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून तोही हिशेब केला. ऑगस्ट ते नोव्हेंबर यंत्र चालले, पाणी उतरत गेले, असे धरून हंगामात फार तर अडीच हजार युनिट वीज निघेल. युनिटला आठ रुपये धरले तर ती वीस हजार रुपयांची झाली. त्यातही मध्यरात्री निर्माण होणारी वीज कोणी वापरणार नाही. यंत्र सांभाळणाऱ्याला महिना दोन हजार रुपये दिले तरी चार महिन्यांचे आठ हजार त्यातूनच जाणार. उरलेल्यात पाटाची दुरुस्ती आणि यंत्राची किंमत भरून निघायची. बारा महिने चालणारे यंत्र आणि चार महिने चालणारे यंत्र बाजारात एकाच भावाला मिळते.

वस्ती रिकामी असताना

याहून मोठी अडचण आमच्या वहीत नव्हती. ती त्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितली. आम्ही दिव्यांचा हिशेब त्यांना समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर हितं दिवा लावायला हाय कोण?"

आपल्या जिल्ह्याची ही गोष्ट आम्ही विसरावी याची लाज वाटली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडून ती परत येते एप्रिलच्या आसपास. मागे राहतात म्हातारी माणसे आणि, नशीब असेल तर, शाळेतली मुले. म्हणजे ओढ्याला पाणी असते ते ऑगस्ट ते नोव्हेंबर, आणि माणसे घरी असतात ती मे ते ऑक्टोबर. दोन्हींची गाठ पडते जेमतेम तीन महिने.

यातून कारभाराचा जो प्रश्न निघतो तो यंत्रापेक्षा अवघड आहे. सामुदायिक योजनेत दर महिन्याला घरटी वर्गणी असते. लागोपाठ तीन महिने थकली की जोडणी तोडायची, असा नियम कोणतीही समिती सहज करील, आणि तो न्याय्यही दिसेल. पण सहा महिने उसाच्या फडात असलेले कुटुंब ती वर्गणी कोठून पाठवणार? ते घरी परत येईल तेव्हा त्याची तार तुटलेली असेल आणि ज्या खड्ड्यांसाठी त्याने मागच्या मे महिन्यात श्रमदान केले त्या खांबांवरून वीज दुसऱ्याच्या घरी जात असेल. नियम करणारे गावात राहणारे, नियम मोडणारे गावाबाहेर गेलेले, असे जेथे होते तेथे नियम कितीही सारखा असला तरी निकाल सारखा लागत नाही. म्हणून बीड जिल्ह्यात वर्गणी महिन्याची नव्हे, हंगामाची हवी आणि ती जूनमध्ये, उचल संपायच्या आत व पेरणीची ओढाताण पाहून, दोन हप्त्यांत घ्यावी. बाहेरगावी असलेल्या काळात सभासदत्व कायम राहावे. समितीच्या निम्म्या जागा स्थलांतर करणाऱ्या घरांना असाव्यात आणि मोठे निर्णय मे किंवा जूनच्या सभेतच व्हावेत.

दुसरा प्रश्न तारेचा. यंत्रघर ओढ्याजवळ, मग गाव, मग गावाबाहेर आपली वस्ती. बहुतेक गावांचा नकाशा असाच आहे. समजा यंत्रघरापासून वस्ती ६०० मीटर दूर आहे आणि तेथे १ किलोवॅट वीज न्यायची आहे. पैसे वाचवण्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार टाकली तर २३० व्होल्टपैकी सुमारे ३६ व्होल्ट वाटेतच जातात. १० चौरस मिलिमीटरची टाकली तर १५ च्या आसपास जातात. यंत्राजवळच्या घराला दोन्ही तारा सारख्याच वाटतात. फरक कळतो तो शेवटच्या घराला. तेथे पंखा घरघरतो पण फिरत नाही. तारेच्या जाडीचा निर्णय ज्या सभेत होतो त्या सभेत शेवटच्या घरातले माणूस हजर असलेच पाहिजे, आणि योजनेची चाचणीही त्याच घरात व्होल्टमीटर लावून घ्यावी. पहिल्या घरात दिवा लागला म्हणून नारळ फोडू नये.

आणखी एक. प्रत्येक घराला ठरावीक वॅटची मर्यादा आणि ती पाळणारी कळ मीटरपाशी हवीच. १३७५ वॅटच्या योजनेत एका घराने पाणी तापवायची हजार वॅटची कांडी लावली की बाकीच्या एकेचाळीस घरांचे दिवे मंदावतात. हा माणूस बहुधा गावातला वजनदार माणूस असतो. त्याला तोंडी सांगण्याची हिंमत समितीत नसते, म्हणून ते काम यंत्राकडे दिलेले चांगले.

असे नियम आपल्या राज्याला परके नाहीत. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेथे पाटकरी आणि जागल्या नेमलेले असत, आणि प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने पाणी कमी पडले तर तोटाही सर्वांना वाटून येई. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल, आणि भूमिहीनाचाही त्यावर हक्क राहील. ओढ्याचे पाणी वळवून वीज करताना हाच न्याय लावला तर ज्याची ओढ्याकाठी जमीन नाही त्यालाही वीज मागताना मान खाली घालावी लागणार नाही.

कायद्याचे थोडक्यात. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार, राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून तिचे वाटप करणाऱ्यास वेगळा परवाना लागत नाही. पण ओढ्याचे किंवा कालव्याचे पाणी वळवायचे तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि ज्याच्या शेतातून पाट जाणार त्याची लेखी संमती लागते. ही संमती तोंडी घेऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

मग बीड जिल्ह्यात पाण्याची वीज नाहीच का?

आहे. माजलगाव धरणाच्या पायथ्याशी ७५० किलोवॅटचे तीन संच, एकूण सव्वादोन मेगावॅटचे वीजघर आहे. ते शासनाच्या वीजनिर्मिती कंपनीचे आहे, गावाचे नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकता येते. आपल्या जिल्ह्यात पाणी वाहते ते ओढ्यांपेक्षा कालव्यांत. जायकवाडीचा उजवा कालवा पैठणहून १३२ किलोमीटर येऊन माजलगावच्या जलाशयाला मिळतो. कालव्यांवर जेथे जेथे पाणी पायरीसारखे खाली उतरवलेले असते तेथे उंची दोन-तीन मीटरच असते, पण पाणी भरपूर असते. एखाद्या वितरिकेतून सेकंदाला ५०० लिटर पाणी २ मीटर उतरत असेल, तर ठोकताळ्याने ५ किलोवॅट होतात. पाणी वापरले जात नाही, ते खालच्या शेतांना तसेच पुढे जाते. आवर्तन चालू असेल तेवढे दिवसच ही वीज मिळेल, हा तिचा दोष. मात्र रब्बीचे आवर्तन हिवाळ्यात सुटते, म्हणजे ओढा आटल्यानंतर.

दुष्काळी वर्षात तेही सुटत नाही. जुलै २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी संपूर्ण बंद पडले होते. कोळशाच्या विजेलाही वाफेसाठी आणि गारव्यासाठी पाणी लागते, हे त्या वर्षी जिल्ह्याला नीट समजले. ज्या जिल्ह्यात राज्याला पुरवायची वीज पाण्यासाठी थांबते त्या जिल्ह्यात एका वस्तीने केवळ ओढ्याच्या भरवशावर बसू नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. ऊन मात्र आपल्याकडे भरपूर आहे, आणि ते नेमके ओढा आटलेला असतो तेव्हा कडक असते. वर सांगितलेले वर्गणीचे, तारेचे आणि मर्यादेचे नियम सौर पॅनेलच्या सामुदायिक योजनेलाही जसेच्या तसे लागू पडतात.

"आता घरोघरी सरकारी वीज आलीच आहे, मग हा खटाटोप कशाला?" असे काही सभासदांनी विचारले. तार आली आहे हे खरे. रोहित्र जळाले की तीन-तीन आठवडे ते बदलले जात नाही आणि परीक्षेच्या दिवसांत मुले मोबाईलच्या बॅटरीवर वाचतात, हेही खरे. अभ्यासिकेसाठी, पाच-दहा दिव्यांसाठी आपली स्वतःची सोय असावी, एवढाच आमचा हेतू आहे.

त्या मुलीच्या वस्तीसाठी आमचे उत्तर असे की ओढ्यावर बारमाही योजना होणार नाही, आणि त्यासाठी संस्था वर्गणी काढणार नाही. हे तिला आम्ही प्रत्यक्ष भेटून, वही समोर ठेवून सांगितले. तिने वही घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी एक बेरीज चुकल्याचे दाखवून परत आणून दिली. रस्त्याचे दिवे आम्ही आठच धरले होते, शाळेचे दोन राहिले होते. वरच्या हिशेबात ती दुरुस्ती केली आहे.

मोजमाप दुसऱ्या वर्षीही चालू ठेवायचे ठरले आहे, कारण एका वर्षाच्या मापावर ओढा कळत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुले जातात. या वर्षी जवळच्या वितरिकेवरच्या पायरीचेही माप आवर्तन सुटले की घेतले जाईल, आणि ते पाहून जलसंपदा विभागाकडे अर्ज करायचा की नाही हे ठरेल. इतर गावांच्या सभासदांना आपल्या ओढ्याची किंवा चारीची माहिती द्यायची असेल तर त्यांनी तारीख, ड्रम भरायला लागलेली सेकंदे आणि नळीने मोजलेली उंची कागदावर लिहून संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावी. ड्रम आणि लेव्हलची नळी कार्यालयातून नेता येईल, दोन दिवसांत परत करावी. मे महिन्याचे माप नसलेला कागद मात्र स्वीकारला जाणार नाही.